बोलता येईल इतकंच

चाल

"बोला," डॉक्टर अल्मास मुल्ला म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. नाव, गाव, सकाळी काय खाल्लं. पट्टीला तुमचा आवाज ओळखीचा होऊ दे."

छाया डुबलने घसा साफ केला. तिने सगळी नोकरी कराडच्या एसटी स्टँडवर माईकसमोर बसून काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे तिने अख्ख्या तालुक्याला सांगितलं होतं. आता गुडघ्यांना दोन पट्ट्या आणि गळ्याला टिकलीएवढा एक चिकट तुकडा लावून ती डॉक्टरांसमोर बसली होती, आणि तिला काही सुचत नव्हतं.

"नाव छाया. गाव कराड. पोहे खाल्ले."

संपलं.

डॉक्टर हसल्या. "एवढ्यावर धावताना मैदानाचं पहिलं वळणसुद्धा येणार नाही, ताई."

दुखरा गुडघा घेऊन ती आधी मोठ्या रुग्णालयात जाऊन आली होती. काउंटरवरच्या मुलीने वय विचारलं, वजन विचारलं आणि मान वर न करता विचारलं, "सोबत कोण?"

"कोणी नाही."

"आत्ता नाही हो. पुढे ऑपरेशन लागलं तर. भूल दिलेला पेशंट आम्ही एकटा सोडत नाही. ओळखीचं माणूस लागतं. सहीला, घरी न्यायला, रात्री थांबायला. भाड्याचं चालत नाही. मागे एकजण पेशंटला जिन्यातच बसवून निघून गेला."

छायाने काउंटरशी उभ्या उभ्या माणसं शोधली. वडील गेले होते. नवरा होता, पण आता दुसऱ्या कुणाचा तरी. स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक कदमसाहेब निवृत्त होऊन मुलाकडे बारामतीला राहायला गेले होते, आणि तिच्या खिडकीत आता यंत्र बोलत होतं. कामावर असताना दिवसभर शेकडो माणसं तिचा आवाज ऐकायची. त्यातल्या एकालाही तिचा चेहरा माहीत नव्हता.

"बघते," म्हणून ती बाहेर पडली आणि रिक्षात बसल्या बसल्या तिने ठरवून टाकलं. माणूस शोधण्यापेक्षा वजन उतरवणं सोपं. गुडघा सांभाळला की सोबत लागणारच नाही.

धाव

बोला, गळ्याची टिकली म्हणते. हाडातून, कुजबुजल्यासारखी.

छाया धावते. धावते म्हणजे
लहान लहान पावलं,
गुडघा किंचित वाकलेला,
पाय अंगाखालीच पडेल असा,
डॉक्टरांनी शिकवलं तसं.

बोला.

माती. लाल आहे. मऊ आहे.

बोला.

झाड. मग अजून एक

बोला.

आणि तोंडातून आपोआप
कराड–चिपळूण, पाटण, कोयनानगर मार्गे जाणारी गाडी
फलाट क्रमांक
चारवर
लागली

पट्टी गुडघ्याभोवती हलकेच आवळते. चाला.

चाल

या पट्टीचं विज्ञान डॉक्टर मुल्लांनी तिला भांडी घासायच्या स्पंजवर समजावलं होतं. बेसिनवरचा ओला स्पंज त्यांनी मुठीत दाबला.

"गुडघ्यातली कूर्चा ही अशी. दाबली की पाणी बाहेर, सोडली की आत. तिला रक्तवाहिन्या नसतात, तिचं खाणंपिणं या पाण्यातूनच. म्हणजे वजनदार माणसाने पळूच नये हे काही खरं नाही. दाबायला हवंच. पण सोडायलाही हवं. म्हणून थोडं धावायचं, थोडं चालायचं, आणि धावलेल्या दिवसानंतर एक दिवस सुट्टी."

"मग बिघडतं कुठं?"

"दमल्यावर. धावताना पावलागणिक शरीराच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर येतो. तो मांडीचे स्नायू झेलतात. स्नायू थकले की पाय धपकन पडतो आणि भार थेट सांध्यात. आणि दुखतं कधी? दुसऱ्या दिवशी. दुखणं हे उशिरा पोचणारं टपाल आहे, ताई. त्याच्या भरवशावर राहायचं नाही."

पट्टीत सूक्ष्म कान होते. हलणाऱ्या सांध्यातला आवाज ते ऐकत. निरोगी सांधा रेशमासारखा सळसळतो, थकलेला करकरतो. पण जाड अंगात हा आवाज दबतो, त्यामुळे एक साक्षीदार पुरत नव्हता. दुसरा साक्षीदार म्हणजे धावणाऱ्याचा आवाज. स्नायू थकण्याआधी श्वास तोकडा होतो, आणि श्वासाच्याही आधी वाक्य. बोलता येईल इतकंच पळा, हा नियम धावणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होता. पट्टीने फक्त तो काटेकोर मोजायला घेतला. वाक्य कुठे तुटलं, श्वास कुठल्या शब्दामागे लपवला, हे बघून ती पावलं बिघडण्याआधीच सांगायची: आता चाला.

पहिल्या पट्ट्या उत्तरंही द्यायच्या. लोक खूश होते. पण उत्तर ऐकताना माणूस गप्प होतो आणि गप्प माणसाचा दम मोजता येत नाही, म्हणून कंपनीने उत्तरं काढून टाकली. जोडीने धावणंही त्यामुळेच बंद पडलं. एकजण बोलला की दुसरा ऐकणार, आणि ऐकणाऱ्याचा गुडघा पट्टी लगेच आवळणार. मैत्रिणींनी दोन-तीनदा प्रयत्न करून बघितला आणि वेगवेगळ्या वेळा धरल्या.

त्यामुळे कराडच्या नगरपालिकेच्या मैदानावर सकाळी सकाळी एक विचित्र देखावा दिसायचा. शहरातली सगळी जाडजूड माणसं मातीच्या वाटेवर गोल गोल धावतायत, एकमेकांपासून अंतर ठेवून. सगळी बोलतायत. कुणीच कुणाशी बोलत नाही. तिथे एक रीतही आपोआप पडली होती. कुणी लिहिली नव्हती, पण नवा माणूस आठवड्याभरात शिकायचा. दुसऱ्याचं ऐकू आलं तरी ऐकायचं नाही. नळावर भेट झाली तर हवापाण्यावर बोलायचं. धावताना बोललेलं ते देवळात मनात म्हटल्यासारखं. त्याचा उल्लेखसुद्धा करायचा नाही.

"आणि पाठ केलेलं नको," डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं. "आरती, पाढे, तुमच्या त्या गाड्यासुद्धा. पाठ असलेलं माणूस रिकाम्या श्वासावरही रेटतो. पट्टी फसते. मनातलं बोला."

"मनातलं कुणाला?"

"कुणाला नको. नुसतं बोला."

धाव

पुढच्या वळणावर शेटे सर. चित्रकलेचे निवृत्त मास्तर,
पोट पुढे, सदरा मागे.
त्यांचं बोलणं वाऱ्यावर मागे येतं.

"मिनू, आज पण आमटी
बिघडली. डाळ शिजतच नाही गं.
चिंच, गूळ, डाळ, सगळं
एकदम कुकरला लावतो
तुझ्या आईसारखं.
फोन उचलत जा की
एकदा तरी."

छाया ऐकत नाही. ऐकायचं नसतं.

मागून जांभळ्या टी-शर्टातली तरुण बाई,
"…नणंद म्हणते वहिनी, तू चाललीस की
कप हलतात. हलू दे की.
कप तुझे
आहेत का?"

तेही छाया ऐकत नाही.

बोला.

"माझ्या वरच्या मजल्यावर
पहाटे कुणीतरी खुर्ची
सरकवतं. मी उठून
बसते. बरं वाटतं.
कुणीतरी उठलंय म्हणून."

पट्टी आवळत नाही. छाया चकित होते.

"दुपारी मी टीव्ही
लावते आणि आवाज
बंद ठेवते. मला
आवाज नको असतो.
माणसं हललेली
हवी असतात."

वळण येतं. वळण जातं.

चाल

असे काही महिने गेले. चपलांचे अंगठे सैल झाले, जिना चढताना कठडा लागेना. मांडीत नवीनच घट्टपणा आला. डॉक्टर पट्टीतली नोंद बघून म्हणाल्या, "छान. सांधा सळसळतोय." वजन थोडंच उतरलं होतं, पण डॉक्टरांना त्याचं फारसं काही नव्हतं. पाय मऊ पडतोय, एवढंच त्या बघत होत्या.

आणि या काळात शेटे सरांची डाळ एकदाही शिजली नव्हती.

छायाला ते सहन होईना. रोज तेच. चिंच, गूळ, कुकर, मिनू. ती धावता धावता ओठ दाबायची. एका सकाळी दोघं एकदमच चालीवर आली आणि नळाशी शेजारी शेजारी उभी राहिली. शेटे सर मान मागे करून पाणी पीत होते.

"चिंच नंतर घाला, सर," ती म्हणाली.

"काय?"

"आंबट आधी पडलं की डाळ शिजत नाही. कितीही शिट्ट्या करा. आधी नुसती डाळ मऊ होऊ द्या, मग चिंच-गूळ."

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, अडलेलं गणित सुटल्यासारखा. मग हळूहळू दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपण आंघोळ करत होतो आणि दार उघडंच होतं, हे नंतर कळावं तसे ते दिसू लागले.

"तुम्ही ऐकता?"

"ऐकू येतं, सर."

"ऐकू सगळ्यांनाच येतं." त्यांनी नळ बंद केला, नीट, थेंब थांबेपर्यंत. "मी तुमच्याशी बोलत नव्हतो, बाई."

ते पुन्हा सकाळी आले नाहीत. संध्याकाळी येतात असं कुणीतरी हवापाण्याच्या ओघात म्हणालं. छायाला कुणी काही बोललं नाही, पण तिच्या पुढचं अंतर वाढलं, मागचंही वाढलं. जांभळ्या टी-शर्टातली ती बाईसुद्धा छायाच्या जवळून जाताना नणंदेवरून पावसावर यायची.

धाव

बोला.

बोला.

बोला.

चाला.

धाव

कराडहून विट्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. साताऱ्याकडे जाणारी विनाथांबा गाडी काही वेळात सुटत आहे. उंडाळ्याला जाणाऱ्या प्रवाशांनी फलाट क्रमांक सहावर यावं, गाडी बदलण्यात आली आहे. मांडी जड झाली आहे, पण आवाजाला त्याचा पत्ता नाही, कारण हा आवाज पोटातून येतो आणि पोट नोकरीत तयार झालेलं आहे. पाटणकडे जाणारी गाडी आज उशिरा धावत आहे. रोजच्या गाड्या वेगळ्या, रोजचे फलाट वेगळे, म्हणून पट्टीला हे पाठ केलेलं वाटत नाही, ताजं वाटतं. एकही वाक्य तुटत नाही. एकही श्वास दिसत नाही. पाय धपधप पडत आहेत आणि पट्टी खूश आहे. चिपळूणकडे जाणाऱ्या प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी, कारण उजव्या गुडघ्यात आत्ता काहीतरी ओली काडी मोडल्यासारखं वाजलं आहे, आणि गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे.

चाल

डॉक्टर मुल्ला पट्टीतला आवाज कितीतरी वेळ ऐकत बसल्या.

"हा तुमचा आवाज?"

"हो."

"दम लागलेला?"

"लागलेला होता. आवाजात येत नाही तो. सवय असते. वडील गेल्याचा फोन आला त्या दिवशीही मी दुपारपर्यंत गाड्या सोडल्या. कुणाला कळलं नाही."

"पट्टीलाही नाही कळलं," डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर छायाला बरं वाटलं असतं. "मी सांगितलं होतं ना, मनातलं बोला?"

"मनातलं लोक ऐकतात, डॉक्टर. आणि मी लोकांचं ऐकलं. त्यातूनच हे सगळं झालं."

गुडघ्याच्या दोन हाडांमधली गादी फाटली होती. कूर्चा अजून चांगली होती, दुर्बिणीने दोन छिद्रं पाडून फाटलेली कड शिवता आली असती. मग थोडे महिने धीराने घेऊन पुन्हा धावताही आलं असतं. तशीच ठेवली तर ती कड एक दिवस सांध्यात अडकणार आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेतच कुलूप लागल्यासारखा बसणार. "आणि तो दिवस तुम्ही जिन्यात असतानाच येणार, ताई. ही दुखणी तशीच असतात." मोठ्या रुग्णालयात गुरुवारची जागा होती.

"सोबत कोण?" डॉक्टरांनी विचारलं. लगेच स्वतःच म्हणाल्या, "मी आले असते. उपचार करणारा चालत नाही त्यांना."

घरी येऊन छायाने मावसबहिणीला, मालनला फोन लावला.

"अगं बाई, गुरुवारीच का? गुरुवारी आमच्या सोसायटीचा सत्यनारायण आहे, प्रसादाचा शिरा माझ्याकडे. आणि काय गं, कशाला पळत होतीस या वयात? मी बघ, बसून आहे, मला काही झालं का?"

"नाही झालं."

"तेच म्हणते मी. शुक्रवारी जमेल तर बघ."

"जागा गुरुवारची आहे, मालन."

"मग त्या एजन्सीचं माणूस घे की. हल्ली मिळतात, छान बोलणारी."

"घेते," छाया म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की आपला आवाज अगदी सपाट होता. पलीकडे काहीसुद्धा पोचलं नव्हतं.

चाल, धाव

काठी घेऊन, मऊ मातीवर, हळू चालायला डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. मंगळवारी ती मैदानावर गेली आणि वाटेच्या आतल्या कडेने, बाकीच्यांना आड न येता, चालू लागली. पट्ट्या लावल्या होत्या, टिकलीही होती. चालणाऱ्याला बोलायची सक्ती नसते. तरी ती बोलली.

"गुरुवारी माझं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. स्टँडवरचा आवाज. स्वच्छ, गोल, कुणाचाही नसलेला. ती थांबली. असं सांगून काही उपयोग नव्हता, असं तर तिने आयुष्यभर सांगितलं होतं. काठी मातीत रोवून तिने पुन्हा सुरुवात केली, जरा मोठ्याने, आणि या वेळी शब्द पोटातून उचलले नाहीत, जिथे होते तिथूनच येऊ दिले. "त्यांना सोबत ओळखीचं माणूस लागतं. सहीला आणि रात्रीला. मला कोणी…"

वाक्य मोडलं. चालत असताना, श्वास भरपूर असताना, मधोमध मोडलं. टिकलीला वाटलं तिला दम लागला. थांबा, ती म्हणाली. "…नाही," छायाने वाक्य पुरं केलं.

कुणी वळून पाहिलं नाही. एक धिप्पाड माणूस मोटारीच्या बॅटरीला शिव्या घालत पुढे गेला. एक आजी कुठल्याशा जुन्या भांडणातल्या दोन्ही बाजू बोलत गेल्या. सगळं मैदान नेहमीसारखं बोलत राहिलं. रीत पक्की होती, आणि ती मोडल्याची शिक्षा छायाने भोगली होती. कुणाकडून ती मोडण्याची अपेक्षा करायचा तिला काय हक्क? मान खाली घालून ती चालत राहिली.

मग मागून पावलं आली. मऊ पावलं, नीट पडणारी. जांभळा टी-शर्ट.

"नणंदेला सांगून
टाकलंय मी. गुरुवारी
मला सुट्टी
आहे."

नजर समोर, ती तशीच पुढे गेली. छायाला कळेना. नणंदेलाच असेल. नणंदेशीच तर ती बोलते रोज. जांभळा ठिपका मैदानाच्या पलीकडच्या कडेला लहान होत गेला, वळला, पुन्हा मोठा होत आला.

"दवाखान्यात बसायचं
मला काही नाही.
रक्त तेवढं
बघवत नाही, हे
आधीच सांगते."

छायाची काठी जागच्या जागी थांबली. तिने हाक मारली नाही, वळली नाही. समोरच्या मातीकडे बघत ती आपल्या टिकलीला म्हणाली, "रक्त फार नसतं म्हणे. दोन छोटी भोकं पाडतात. पण रात्री थांबावं लागतं, आणि माझ्याकडे पलंग एकच आहे." ती हे जरा मोठ्याने म्हणाली, पलीकडच्या कडेपर्यंत जाईल इतकं. ते तिला जमत होतं.

जांभळा ठिपका वळला.

"मी खाली
झोपते. घोरते मात्र.
नवरा म्हणतो
ट्रॅक्टर."

"घोरलेलं चालेल," छाया आपल्या गळ्याला म्हणाली. "वरच्या मजल्याच्या खुर्चीपेक्षा चांगलं." हसू आल्यामुळे तेही वाक्य मधेच मोडलं आणि टिकलीने तिला पुन्हा थांबायला सांगितलं. ती थांबली नाही. आता विचारायचं ते सरळ विचारायला हवं होतं. "पण ओळखीचं माणूस म्हणतात ते. काय ओळख सांगणार?"

या वेळी ती बाई पलीकडच्या कडेला चालीवर आली. पट्टीने आवळलं असावं. कंबरेवर हात ठेवून, तोंड दुसरीकडे करून ती काहीतरी बोलत होती, पण तिथून ऐकू येत नव्हतं. छायाने कान दिले. महिनोन् महिने बंद ठेवलेले कान तिने उघड उघड दिले. वारा उलटा होता. मधे अख्खं मैदान होतं. काठी टेकत आडवं जाऊन तिच्यासमोर उभं राहता आलं असतं, पण मग ती बाई गप्प झाली असती, आणि छायाही.

ती बाई पुन्हा धावायला लागली.

छाया आणखी हळू चालू लागली. हळू चाललं की मागचा माणूस लवकर गाठतो.